उकळीचा एक तास

येलोवो, २९ मे २०१६

ब्रीना,

यंदा ईस्टरलाही तू आली नाहीस, म्हणून पत्र. फोन करून उपयोग नाही हे तुला माहीत आहे. डावा कान पूर्वीच गेला, उजवा गेल्या हिवाळ्यात. डॉक्टर म्हणतो यंत्र लावा. लावलं होतं. त्यातून मला फक्त माझंच चावणं ऐकू यायचं, ते ऐकून मी काय करू.

सोबत पाकिटात पानं आहेत. हॉपची, पहिल्या रांगेतल्या तीन वेलींची. तू तिकडे ल्युब्ल्यानात दिवसभर रोगट पानंच बघतेस, म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. वेली नीट चढत नाहीयेत. मे संपत आला, एव्हाना त्या तारेच्या निम्म्यावर हव्या होत्या. छातीपर्यंत येऊन थांबल्यात. बुडाशी साल तडकली आहे, जुन्या बुटासारखी. गेल्या वर्षी बोंडं लहान आली तेव्हा मी उन्हाला दोष दिला. यंदा तर ऊनच नाही.

ब्लाझ म्हणतो खत कमी पडलं. म्हणतो म्हणजे लिहितो. त्याच्या वाळवणघरात त्याने माझ्यासाठी पाटी टांगली आहे, त्याच्या मुलाची, मात्याची शाळेतली, खडू दोरीला बांधलेला. पन्नास वर्षं शेजारी राहून तो जेवढं बोलला नसेल तेवढं आता लिहितो. परवा लिहिलं, ‘तुझ्या वेली तुझ्यासारख्याच. म्हाताऱ्या, आणि ऐकत नाहीत.’ अक्षर घाणेरडं आहे, पण डोकं चालतं.

त्याच्या मळ्यापुढे माझ्या चाळीस वेली म्हणजे पोरखेळ. पण घरी बिअर करणारी मंडळी हॉपच्या बोंडांसाठी गाडी काढून माझ्याकडे येतात, त्याच्याकडे नाही. त्याचा माल कारखान्यांना जातो. माझी बोंडं हाताने तोडलेली, माळ्यावर वाळवलेली. लोक पिशवीत नाक घालून उभे राहतात आणि विचारतात, काका, अजून आहेत का?

तुझ्या संत्र्याच्या बिअरची एक बाटली तळघरात उरली आहे. तू आलीस की फोडू. हॉप भांड्यात टाकले की मी अजून ब्लाझच्या बाजूची खिडकी उघडतो. वास तिकडे गेला की पंधरा मिनिटांत तो दारात, हातात स्वतःचा ग्लास. जणू योगायोगाने ग्लास घेऊन निघाला होता.

पानांचं कळव. खत टाकू की नको?

लुडविककाका


ल्युब्ल्याना, ९ जून २०१६

प्रिय लुडविककाका,

पानं १ जूनला मिळाली. तिन्ही नमुने दोनदा तपासले. तिन्हींत रोग आहे. खत टाकू नका.

हा विषाणू नाही, विषाणूपेक्षाही लहान काही आहे. नुसता एक धागा, त्याला कवचसुद्धा नसतं. त्याला व्हायरॉइड म्हणतात. त्याच्यावर औषध नाही, फवारणी नाही. रोगट वेल बरी होत नाही, ती उपटून जाळावी लागते. हे सौम्य करून लिहायचा प्रयत्न केला, पण सौम्य केलं की ते चुकीचं होतं.

दुसरी गोष्ट. तुम्ही पानं पुतणीला पाठवलीत, पण ती प्रयोगशाळेत आली. असा निकाल आला की चोवीस तासांच्या आत निरीक्षकांना कळवणं मला बंधनकारक आहे. मी काल दुपारी कळवलं. पुढच्या आठवड्यात ते येतील आणि तुमच्या सगळ्या वेलींचे व शेजारच्या मळ्यातले नमुने घेतील.

रोग वाऱ्याने किंवा किड्यांनी पसरत नाही. रसाने पसरतो. छाटणीच्या चाकूवरून, हातमोज्यांवरून, मुळांच्या तुकड्यांतून. म्हणून मला हे नेमकं हवं आहे: घरी लावायला कुणाला मुळांचे तुकडे दिलेत का, एप्रिलमध्ये छाटणी कुठून सुरू करून कुठे संपवलीत, आणि बाहेरून आणलेली रोपं तुमच्याकडे आहेत का, असल्यास कुठे.

तोवर चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवा. ब्लाझकाकांच्या मळ्यात जाऊ नका.

माणसाला यापासून काही होत नाही. तयार बिअर पिण्यास हरकत नाही.

ब्रीना


येलोवो, १७ जून २०१६

ब्रीना,

आल्या होत्या. दोघी जणी, पांढरे कपडे, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. चाळीस वेलींना चाळीस चिठ्ठ्या बांधल्या. काय काय विचारत होत्या. मी दर वेळी ‘हो’ म्हटलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं, तेव्हा कशाकशाला हो म्हणालोय ते तुला तिकडेच कळेल. मग त्या ब्लाझकडे गेल्या. तो कुंपणापाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. पाटी वाळवणघरात, त्यामुळे दोघंही नुसतेच बघत राहिलो.

तू कळवलंस. तुझं कामच आहे ते. पुतणीचं पाकीट प्रयोगशाळेने फोडलं असं मी समजतो.

आता तुझे प्रश्न. मुळं मी कुणाला दिली नाहीत.

छाटणी दरसाल करतो तशीच केली. आधी माझी पहिली रांग, बिअरच्या खोपीपासून. तिथून तसाच ब्लाझकडे, कारण मात्याला ट्रॅक्टर घेऊन घाई असते. माझी दुसरी रांग मागाहून, आठवड्याने, चाकूला धार लावून. ब्लाझकडे मी सगळं छाटत नाही. सगळं यंत्र करतं. पण रांगांच्या टोकांना, जिथे ट्रॅक्टर वळतो, तिथे यंत्र पोचत नाही. ती टोकं माझी. तीस वर्षं माझीच आहेत. माती बाजूला करायची, एकच काप, बुंध्याला धक्का लागता कामा नये. चाकू माझ्या बापाचा, पुढून वाकलेला. गेल्या महिन्यात ब्लाझने पाटीवर लिहिलं, ‘तू छाटलेल्या वेलीला छाटल्याचं कळतसुद्धा नाही.’ दोन दिवस मी त्याला ते पुसू दिलं नाही.

आणि बाहेरची रोपं? आहेत की. सहा. २०१४च्या शरदात ब्लाझने कुठल्याशा रोपवाटिकेतून नवी रोपं आणली, त्यातली सहा मला दिली. दुसऱ्या रांगेच्या शेवटी आहेत. मी नको म्हणत होतो. पहिली रांग मी आणि तुझ्या काकूने लग्नाच्या वर्षी लावली. पंचेचाळीस वर्षं तिला काही झालं नाही. ब्लाझची सहा रोपं आली आणि दोन वर्षांत हे. यात आणखी काय शोधायचं राहिलं?

लुडविककाका


ल्युब्ल्याना, २८ जून २०१६

प्रिय लुडविककाका,

तुमच्या बागेचे निकाल आले. पहिल्या रांगेतल्या वीसही वेली रोगट आहेत. दुसऱ्या रांगेतल्या वीसही निरोगी आहेत. ब्लाझकाकांची सहा रोपं दुसऱ्या रांगेत आहेत. म्हणजे रोग त्या रोपांतून आलेला नाही. हा अंदाज नाही.

त्यांना तुम्ही काही बोलला नसाल अशी आशा आहे.

दोन्ही रांगांची माती एक, पाणी एक, चाकू एक. फरक फक्त छाटणीच्या दिवसाचा दिसतो. या वर्षी लक्षणं मेमध्येच दिसली, आणि गेल्या वर्षी बोंडं लहान आली होती. म्हणजे लागण या वर्षीच्या छाटणीत झालेली नाही, त्याआधीची आहे. २०१५ मध्ये पहिली रांग कोणत्या दिवशी छाटलीत? त्याआधी चाकू कशासाठी वापरला होता? आठवत असेल तर सगळं लिहा, बिनमहत्त्वाचं वाटलं तरी.

ब्लाझकाकांच्या मळ्याचे निकाल यायचे आहेत.

ब्रीना


येलोवो, ६ जुलै २०१६

ब्रीना,

तुझं पत्र उशिरा पोचलं. ब्लाझला मी बोलून आलो होतो.

त्याच्या वाळवणघरातच बोललो. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा किती मोठ्याने ते ठाऊक नाही, पण मात्या अंगणात ट्रॅक्टर बंद करून दारात आला, म्हणजे बराच असणार. मी म्हटलं, फुकट दिलेल्या रोपांनी माझ्या बायकोच्या वेली मारल्यास. ब्लाझने खडू घेतला. ‘माझी रोपं’ एवढं लिहून झालं होतं. मी पाटी पुसली. तो लिहीत असताना, हाताने. खडू त्याच्या बोटांत तसाच राहिला. मी घरी आलो.

आणि आता तू लिहितेस की त्याची सहा धडधाकट आहेत. मग तुझं यंत्र त्याच्या बाजूचं आहे. त्याला सांग, पंचेचाळीस वर्षं म्हणजे काय ते आधी मोज.

२०१५ ची छाटणी कधी केली हे तू मला विचारतेस, आणि तिथे होतीस तू. ईस्टरच्या आदल्या शनिवारी. तू सिसिलीहून ते शिक्षण का काय संपवून आली होतीस, आणि कुणाच्या परसातली कडू संत्री आणली होतीस, ही एवढी पिशवी, पानांसकट. गव्हाची बिअर करायची, त्यात संत्र्याची साल, असं तू ठरवूनच आली होतीस. मला म्हणालीस, साल पातळ सोला, पांढरा भाग आला तर बिअर कडवट होईल. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बोथट. मग मी हॉपचा चाकू आणला. एका संत्र्याची अखंड फीत काढली, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. तू तिला तुझं ते मोजायचं यंत्र लावून म्हणालीस, ‘दीड मिलिमीटर.’ त्यानंतर मी सगळीच दीड मिलिमीटरने सोलली.

मग भांडं चढवलं. तासभर उकळायचं होतं, तू घड्याळ लावलंस. भांड्याकडे बघत दोघांनी कशाला बसायचं, म्हणून मी चाकू पँटला पुसला आणि पहिली रांग छाटून घेतली. बायका टोपल्या घेऊन चर्चकडे निघाल्या होत्या, हॅम आणि अंडी मंतरून आणायला. ब्लाझ कुंपणावरून ओरडला, ‘आजच्या दिवशी चाकू चालवतोस? नरकात तुला बिअर मिळायची नाही.’ तेव्हा उजवा कान होता. मी म्हटलं, पुतणी घड्याळ लावून बसलीय, मी नुसता वेळ घालवतोय. विसावी वेल झाली आणि तू खोपीतून हाक मारलीस, झाला तास. सण होता, म्हणून त्या वर्षी ब्लाझकडे तसाच गेलो नाही, मागाहून चाकूला धार लावून गेलो.

तेव्हा त्याआधी चाकू कशाला लावला म्हणशील, तर तुझ्याच संत्र्यांना. आणखी काही विचारायचं आहे?

लुडविककाका


ल्युब्ल्याना, २५ जुलै २०१६

प्रिय लुडविककाका,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

ब्लाझकाकांच्या मळ्याचे निकाल: रांगांच्या टोकांवरच्या बहात्तर वेलींपैकी एकोणपन्नास रोगट. आतल्या भागातल्या तपासलेल्या वेलींपैकी एकही नाही. टोकांवरच्या वेली वरून निरोगी दिसतात, लक्षणं दिसायला वेळ लागतो. आदेश मात्र त्यांच्या सगळ्या मळ्यासाठी निघाला आहे. तुमच्या दोन्ही रांगांसाठीही. १२ ऑगस्टच्या आत वेली मुळांसकट उपटून जाळायच्या आहेत. त्या जमिनीत किमान दोन वर्षं हॉप लावता येणार नाही. मी अपिलाचा अर्ज आणून वाचला. त्यात भरण्यासारखं आपल्याकडे काही नाही.

अहवालात ‘रोगाचा स्रोत’ असा एक रकाना असतो. त्यात ‘अज्ञात’ लिहिलं आहे.

मुळांच्या तुकड्यांबद्दल पुन्हा विचारते. त्सेल्येच्या एका गृहस्थांनी आमच्याकडे पानं पाठवली. चिठ्ठीत लिहिलं आहे, ‘येलोवोच्या काकांनी दिलेली वेल, मार्चमध्ये लावली.’ मला सगळ्यांची नावं हवी आहेत.

ब्लाझकाकांशी भांडू नका.

ब्रीना


येलोवो, २१ ऑगस्ट २०१६

ब्रीना,

उपटलं.

माझ्या चाळीस वेली मी स्वतः काढल्या, चार दिवस लागले. तुझ्या काकूच्या रांगेची मुळं मांडीएवढी खोल होती. ब्लाझची मात्याने ट्रॅक्टरने काढली. तारा खाली आल्या आणि वेली एकावर एक पडत गेल्या, बोंडांनी भरलेल्या. दहा दिवसांवर तोडणी होती. सगळ्या गावभर वास सुटला, तोडणीच्या पहिल्या दिवशी सुटतो तसा. कामाला येणाऱ्या बायका वास घेऊन रस्त्यावर आल्या आणि बघून परत गेल्या. हिरवं पेटेना, म्हणून डिझेल ओतलं. ब्लाझ पालथ्या टोपलीवर बसून होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, किंवा मी बघत नव्हतो तेव्हा पाहिलं असेल.

उपटायच्या आधी मी कुंपणावरून चिठ्ठ्या मोजल्या. रोगट वेलींच्या लाल चिठ्ठ्या फक्त टोकांना. आत एकही नाही. तू पत्रात लिहिलं होतंस, पण ते मी वाचलं आणि सोडून दिलं. डोळ्यांनी बघितल्यावर सोडता येईना. ती टोकं माझी. ब्लाझलाही मोजता येतं. त्याने मोजली असतील, जुलैमध्येच मोजली असतील, नुसता सांगायला आला नाही.

मुळांबद्दल मी खोटं लिहिलं. या वसंतात अकरा जणांना तुकडे दिले. सगळे पहिल्या रांगेतले, कारण मागायला येतात ते जुन्या वेलीचंच मागतात. कुणी गच्चीत लावलंय, एका बाईने नवऱ्याच्या वाढदिवसाला दिलंय. पैसे घेतले नव्हते, बदल्यात त्यांच्या बिअरची एकेक बाटली यायची होती. नावं सोबत आहेत. तू सरकारी भाषेत कळवशील त्याआधी मी प्रत्येकाला दोन ओळी टाकल्यात.

या डब्यात चाकू आहे. कापडात गुंडाळलाय, पण जपून उघड. तू सांगितलंस तसं ब्लीचमध्ये ठेवला होता, पातं काळं पडलंय. तुझ्याकडे यंत्र आहे. तपास. ब्लाझकडे रोग मीच नेला का, एवढं सांग. आणि मी नेला असेल, तर माझ्याकडे तो कुठून आला तेही सांग. मला ब्लाझच्या दारात जायचं आहे. हातात ‘अज्ञात’ घेऊन मी जाणार नाही.

लुडविककाका


ल्युब्ल्याना, १४ सप्टेंबर २०१६

प्रिय लुडविककाका,

चाकूच्या पात्यावर काही सापडलं नाही. ब्लीचने ते साफ झालं होतं. मुठीच्या लाकडात खिळ्याजवळ एक चीर आहे, तिच्यात जुना सुकलेला रस होता. त्यात रोग आहे.

ब्लाझकाकांच्या मळ्यातल्या टोकांपर्यंत रोग तुमच्या पहिल्या रांगेतून, या चाकूने, या वर्षीच्या छाटणीत गेला. हे तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते.

तुमच्याकडे तो कुठून आला, हे मला १९ जुलैपासून माहीत आहे.

त्या संत्र्यांची उरलेली साल मी वाळवून बरणीत ठेवली होती. ती माझ्या स्वयंपाकघरात होती. तुमचं ६ जुलैचं पत्र १२ तारखेला मिळालं. १३ ला मी बरणी प्रयोगशाळेत नेली. सालीत तोच रोग आहे. त्या झाडांना त्याचा फारसा त्रास होत नाही, फळ चांगलं दिसतं. हा धागा २८४ घटकांचा असतो. तुमच्या पहिल्या वेलीतला धागा आणि सालीतला धागा मी शेजारी ठेवून वाचला. २८४ पैकी २८४ सारखे आहेत. पुन्हा केलं. तेच आलं.

तुमच्या चाकूवर संत्र्याचा ओला रस होता आणि तुम्ही त्याने वीस वेली कापल्या. दुसऱ्या रांगेच्या वेळी चाकू घासून धार लावलेला होता, म्हणून ती वाचली. तुम्ही यात काही चूक केलीत असं मला वाटत नाही. संत्र्याचं हॉपला काय होणार, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. मी त्याच विषयाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. दीड मिलिमीटर मोजताना तुमच्या हातात कोणता चाकू आहे हे मी पाहिलं होतं. उकळीचा तास मीच लावला होता, आणि तुम्ही बाहेर काय करता आहात हे खोपीच्या खिडकीतून दिसत होतं.

आणखी एक. जूनमध्ये पहिला निकाल आला तेव्हा रोगाचं पूर्ण नाव माझ्यासमोर होतं. तो लिंबू-संत्र्यांच्या वर्गातला रोग आहे हे त्या नावातच आहे. तुम्हाला लिहिताना मी पूर्ण नाव लिहिलं नाही. त्या वेळी मला वाटलं, तुम्हाला त्याचा काय उपयोग.

२५ जुलैचं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. ‘अज्ञात’ हा शब्द मी लिहिला. तेव्हा तुम्ही ब्लाझकाकांशी बोलत नव्हता आणि त्यांच्या वेली उभ्या होत्या. कळवलं असतं तरी वेली वाचल्या नसत्या, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते खरंही आहे. पण फक्त वेलींपुरतं खरं आहे.

मागच्या आठवड्यात अहवाल दुरुस्त करून दिला. वरिष्ठांनी वाचला, एक प्रश्न विचारला आणि फाईल बंद केली. परसातून संत्री आणणाऱ्याला लावायचं कलम त्यांना सापडलं नाही. अकरा जणांपैकी आठ जणांनी वेली काढल्याचं कळवलं आहे. तिघांशी संपर्क झालेला नाही.

हे पत्र ब्लाझकाकांना दाखवायचं असेल तर दाखवा. मी येऊ का, हे विचारायचं होतं. ते तुम्ही ठरवा.

ब्रीना


येलोवो, १६ ऑक्टोबर २०१६

ब्रीना,

तुझं पत्र येऊन महिना झाला. तुला काय लिहायचं ते अजून जुळत नाही, तेव्हा जे झालं तेवढंच लिहितो.

रविवारी चर्च सुटल्यावर ब्लाझकडे गेलो. तुझं पत्र नेलं, आणि संत्र्याच्या बिअरची ती बाटली. दोन महिने गप्प बसल्याबद्दल तुझ्यावर चिडायचं ठरवून निघालो होतो, पण वाटेत आठवलं की मुळं कुणाला दिली नाहीत असं मीही शपथेवर असल्यासारखं लिहिलं होतं. एकाच घरातले आहोत आपण.

तो वाळवणघरात होता. वाळवायला काही नाही, तरी जाळ्या घासत होता. मी पत्र दिलं. त्याने चष्मा आणला, दारातल्या उजेडात उभा राहून वाचलं. सावकाश वाचतो तो. शेवटच्या पानावरून परत पहिल्यावर गेला. मी बाटली बाकावर ठेवली. मग त्याने चष्मा काढला आणि बोलायला लागला.

बोलला, ब्रीना. लिहिलं नाही. पाटी त्याच्या डोक्यामागे खिळ्याला होती, खडू दोरीला होता, हात लांब केला असता तर लागला असता. त्याने केला नाही. बराच वेळ बोलला. मिशी हलत होती तेवढी दिसली. मध्ये एकदा त्याने हाताने आडवी रेघ काढल्यासारखं केलं. रांगा दाखवत होता, का मी पाटी पुसली ते दाखवत होता, मला कळलं नाही. तो थांबला की मी मान हलवायचो. कुठे हो म्हणालो आणि कुठे नाही, देव जाणे. ‘पाटीवर लिही’ एवढं मी म्हणू शकत होतो. म्हटलं नाही. ती मीच पुसली होती.

शेवटी त्याने पत्राची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. माझं आहे ते, असं मी म्हणालो नाही. बाटली त्याने परत दिली नाही, उघडलीही नाही. तू विचारशील तो काय म्हणाला. मला माहीत नाही.

मात्या तिथे मका लावणार असं दिसतं. नांगरलंय.

काल बिअर केली. माझ्याकडे हॉप नाहीत, म्हणून त्सेल्येला दुकानात जाऊन विकत आणले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा. चांदीचं पाकीट, आत हिरव्या गोळ्या, शेळीच्या लेंड्यांसारख्या. कुठल्या देशातले ते इतक्या बारीक अक्षरात की मला वाचता आलं नाही. दुकानदार पोरगा काहीतरी समजावत होता, मी मान हलवली. आता मला ते चांगलं जमतं.

चाकू परत पाठवू नकोस. टाकूनही देऊ नकोस.

यायचं विचारतेस. खोली आहे. गादी ऊन दाखवून ठेवली आहे.

गोळ्या भांड्यात टाकल्यावर मी सवयीने ब्लाझच्या बाजूची खिडकी उघडली. वास बरा होता, आपल्यासारखा नाही, पण ओळखू येण्याइतका. तो अंगणात लाकडं रचत होता. वारा त्याच्याकडेच होता. एकदा त्याने मान वर केली, हातात लाकूड तसंच धरून थोडा उभा राहिला, मग पुन्हा रचायला लागला. गार हवा आत येत होती. खिडकी मी तासभर उघडी ठेवली. उकळायला तेवढाच वेळ लागतो.

लुडविककाका